तंजावरचे एक जप्त काव्य

केंद्र सरकारच्या चाकरीत बदली होऊन मी तंजावरास आलो, त्याला आता तीन वर्षे होत आली. येताना मनात धाकधूक होती ती भाषेची. परंतु पहिल्याच रविवारी बृहदीश्वराच्या देवळात गेलो, आणि तेथील प्राकाराच्या भिंतीवर देवनागरी अक्षरांत कोरलेला भोसल्यांचा वंशवृत्तांत दृष्टीस पडला. सरफोजी राजांनी तो १८०३ साली कोरविला. राजराज चोळाच्या देवळात, तमिळ शिलालेखांच्या शेजारी, आपली मराठी अशी निर्धास्तपणे बसलेली पाहून परकेपणा निम्मा उतरला. तेव्हापासून सुटीच्या दिवशी ह्या गावाचा इतिहास चाळण्याचा नाद मला लागला आहे. आज जो विषय वाचकांपुढे मांडावयाचा आहे तो ह्याच नादातून हाती आला. पण त्याचे खरे निमित्त मात्र घरातले आहे.

२०२५ च्या कार्तिकातली गोष्ट. इकडचा पाऊस आपल्याकडे दिवाळी झाली की ऐन भरात येतो. त्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुटी दिली होती, आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा शाळेतून आलेला अभ्यास माझ्या मोबाईलवर उघडून बसला होता. अभ्यास शोधता शोधता कोठल्याशा जाहिरातीवर बोट पडले, आणि जे मुलाने पाहू नये ते त्याच्यासमोर उघडले. "अहो, जरा इकडे या," अशी हाक आली ती नेहमीच्या सुरातली नव्हती. मी गेलो, मोबाईल काढून घेतला आणि कपाटात ठेवून कुलूप लावले. मुलगा खाली मान घालून बसला. आम्हीही काही बोललो नाही.

रात्री मुले निजल्यावर मी चिडून म्हणालो, "सरकारच्या मनात आले तर एका हुकुमासरशी हे सारे बंद होईल. ते का करीत नाहीत?" त्यावर सौभाग्यवतीने शांतपणे विचारले, "सरकार करील तेव्हा करील. उद्या सकाळी त्याने विचारले तर आपण काय सांगायचे, ते ठरवलेत का?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

योगायोग असा की, त्यानंतर महिनाभरातच, म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने नेमक्या ह्याच प्रश्नावर आपले म्हणणे सांगितले. तंजावर जिल्हा ह्याच खंडपीठाच्या अधिकारात येतो. अर्ज २०१८ चा होता. इंटरनेटची जोडणी पुरविणाऱ्या कंपन्यांनी पालकांच्या हाती एक 'खिडकी' द्यावी, मुलांना काय दिसावे आणि काय दिसू नये हे त्या खिडकीतून पालकांस ठरविता यावे, आणि ह्या कामी बालहक्क आयोगांनी पुढाकार घ्यावा, अशी त्यातील मागणी. न्यायालयाने पालकांची जबाबदारी मोठी असल्याचे सांगितले; त्याबरोबरच ऑस्ट्रेलियासारखा कायदा आपल्याकडे करता येईल काय, ह्याचा विचार केंद्र सरकारने करावा, असेही सुचविले. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्याची मनाई अमलात आली आहे.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो. प्रौढांच्या गोष्टी मुलांच्या दृष्टीआड ठेवण्याचे काम कोणाचे? सरकारचे, की आईबापांचे? प्रश्न नव्या यंत्राचा दिसतो, पण तो नवा नाही. तंजावरच्या मराठी दरबारात जन्मलेल्या एका काव्याच्या बाबतीत तो शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला होता, आणि सरकारने त्याचे उत्तरही देऊन टाकले होते. ते उत्तर कसे ठरले, ते सांगण्याजोगे आहे.

तंजावरावर भोसल्यांचे राज्य १६७६ पासून १८५५ पर्यंत चालले. त्यातील प्रतापसिंह राजांची कारकीर्द १७३९ ते १७६३ ही. राजा मराठी, प्रजा तमिळ, आणि दरबारातल्या काव्याची भाषा बहुतांशी तेलुगू, असा तो त्रिवेणी संगम होता. नायक राजांच्या वेळेपासून चालत आलेली तेलुगूची प्रतिष्ठा मराठ्यांनी मोडली नाही. उलट शहाजी राजांसारख्यांनी स्वतः त्या भाषेत नाटके रचली. अशा ह्या प्रतापसिंहाच्या दरबारात मुद्दुपळनी नावाची एक गणिका होती. गणिका ह्या शब्दाने आज नाक मुरडले जाते. त्या काळी मात्र संगीत, नृत्य आणि विद्या ह्यांत पारंगत असलेल्या, स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगणाऱ्या आणि पंडितांकडून मान घेणाऱ्या स्त्रिया त्या वर्गात होत्या. मुद्दुपळनी ही त्यांपैकीच. तिने 'राधिकासांत्वनमु' नावाचे ५८४ पद्यांचे शृंगारकाव्य तेलुगूत रचले.

मला तेलुगू येत नाही. २०११ साली निघालेल्या इंग्रजी भाषांतरावरून जे समजले तेवढेच सांगतो. कथा थोडक्यात अशी. राधा स्वतःच इला नावाच्या वधूचा कृष्णाशी विवाह लावून देते. पुढे तिच्याच मनात मत्सराचा आणि विरहाचा डोंब उसळतो, आणि अखेर कृष्णाला येऊन तिची समजूत काढावी लागते. राधाकृष्णांचा शृंगार आपल्याला अपरिचित नाही. जयदेवापासून आपल्या शाहिरांपर्यंत तो सर्वांनी गायिला. येथे वेगळेपण इतकेच की, ती इच्छा, तो राग आणि तो रुसवा स्त्रीचा आहे, आणि सांगणारीही स्त्रीच आहे. काव्याच्या प्रस्तावनेत तिने आपल्या आजीचे आणि इतर वडीलधाऱ्या स्त्रियांचे नाव अभिमानाने घेतले आहे. आपला वंश स्त्रियांच्या नावांनी सांगणारी कवयित्री जुन्या वाङ्मयात विरळाच.

पुढे राज्य गेले, दरबार गेला, काव्य हस्तलिखितांत राहिले. १८८७ साली एका संपादकाने ते छापले, पण मुद्दुपळनीने स्वतःविषयी लिहिलेली प्रस्तावना आणि काही पद्ये त्याने गाळली. पहिली चाळणी लागली ती येथे. आणि ती सरकारने लावलेली नव्हती, हे ध्यानात ठेवावे.

ह्यानंतर ह्या कथेत दुसरी स्त्री येते, ती बंगळूर नागरत्नम्मा. म्हैसूरजवळच्या नंजनगूडला १८७८ साली, देवदासींच्या परंपरेत तिचा जन्म झाला. मद्रासेत येऊन गायिका म्हणून तिने नाव आणि धन दोन्ही मिळविले. कन्नड, तेलुगू आणि संस्कृत ह्या भाषांत तिची चांगली गती होती. छापील प्रतीतले तुटलेले दुवे तिला खटकले. तिने हस्तलिखित मिळविले, गाळलेली पद्ये परत जागच्या जागी बसविली आणि १९१० साली मद्रासच्या वाविळ्ळ प्रकाशनसंस्थेकडून संपूर्ण काव्य प्रसिद्ध केले. हे काव्य एका स्त्रीने लिहिले आहे, आणि तीही आपल्याच परंपरेतल्या, ह्याचा आनंद तिने आपल्या प्रास्ताविकात बोलून दाखविला.

ह्या काव्यावर पूर्वीच कठोर शेरा मारून ठेवलेला होता, आणि तो कोणा हेकट सनातन्याचा नव्हता. कंदुकूरि वीरेशलिंगम् हे आंध्रातले थोर समाजसुधारक. स्त्रीशिक्षणासाठी आणि विधवाविवाहासाठी त्यांनी जन्मभर खस्ता खाल्ल्या. आपल्याकडच्या आगरकर-कर्व्यांच्या मालिकेत बसावे असे ते पुरुष. परंतु तेलुगू कवींच्या चरित्रग्रंथात त्यांनी मुद्दुपळनीविषयी लिहिले त्याचा आशय असा की, ह्या काव्यातील पुष्कळ भाग स्त्रियांच्या कानी पडणेही योग्य नाही, मग तो स्त्रीच्या मुखातून यावा हे तर दूरच. आणि अशी स्त्री लाज सोडूनच लिहिणार. नागरत्नम्माने त्यांना सडेतोड जाब विचारला. लाज ही काय फक्त बायकांनी बाळगावयाची? पुरुष कवींच्या काव्यांत ह्याहून उघडा शृंगार आहे. तो आपणच संपादित करता, आपणच मान्यता देता. मग एवढ्या एकाच पुस्तकाने समाज बिघडतो कसा?

वादाचा बभ्रा झाला. प्रकरण सरकारात गेले. सरकारी भाषांतरकाराने काव्यातले आक्षेपार्ह वाटलेले उतारे निवडले, त्यांचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते साहेबापुढे ठेवले. १९११ साली पुस्तकावर बंदी आली आणि प्रती जप्त झाल्या. ही बंदी उठली ती १९४७ साली, टंगुटूरि प्रकाशम् हे मद्रासचे प्रमुख मंत्री असताना. म्हणजे छत्तीस वर्षे गेली. नागरत्नम्मा तोवर सत्तरीला टेकली होती. १९५२ साली काव्याची नवी आवृत्ती निघाली, आणि त्याच वर्षी ती वारली.

ह्या बंदीच्या इतिहासात मला सर्वांत बोलकी वाटते ती उताऱ्यांची गोष्ट. कदाचित मी कारकून आहे म्हणून असेल. आपण सारेच फायलींत वाढलेले लोक. साहेबाला संपूर्ण कागदपत्र वाचावयास सवड नसते. आपण टिपणी करतो, चार उतारे जोडतो, आणि निर्णय त्या उताऱ्यांवर होतो. उतारे निवडणारा जे निवडतो तेवढेच ते प्रकरण होऊन बसते. 'राधिकासांत्वनमु'च्या बाबतीत साहेबाने राधेचा मत्सर वाचला नाही, तिचे एकाकीपण वाचले नाही; त्याने निवडून काढलेल्या ओळी तेवढ्या वाचल्या, त्याही परक्या भाषेत. इतके वगळल्यावर कोणते काव्य अश्लील ठरणार नाही?

दुसरी गोष्ट कसोटीची. १८६८ साली इंग्लंडात हिक्लिनच्या खटल्यात अश्लीलतेची जी कसोटी ठरली, तीच पुढे आपल्या न्यायालयांतही चालली. तिचा मथितार्थ असा की, ज्यांचे मन अशा गोष्टींनी बिघडण्याजोगे आहे आणि ज्यांच्या हाती ते पुस्तक पडू शकेल, त्यांच्यावर त्याचा काय परिणाम होईल ते पाहावे. म्हणजे घरातल्या सर्वांत कोवळ्या मुलाला जे पचणार नाही, ते वडीलधाऱ्यांनाही वाढावयाचे नाही. आपल्या रघुनाथ धोंडो कर्व्यांना ह्याच विचाराचा जाच झाला. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालविले. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य हे त्याचे विषय. त्यांवर खटले झाले, आणि १९३४ सालच्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. आज शाळेत जी माहिती द्यावी असे शहाणे लोक सांगतात, ती देणाऱ्या माणसाला त्या काळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले.

ह्या कसोटीची धार पुढे हळूहळू बोथट झाली, आणि त्यातही एका मराठी खटल्याचा वाटा आहे. चंद्रकांत काकोडकर ह्यांची 'शामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६९ साली न्यायालयाने लेखकाला निर्दोष सोडले. पौगंडावस्थेतल्या कोणाच्याही मनावर वाईट परिणाम होऊ नये अशीच कसोटी लावली, तर केवळ धार्मिक पुस्तकेच तेवढी वाचावयास उरतील, असा विचार त्या निकालात आहे. पुढे २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने हिक्लिनची कसोटी सोडून दिली आणि संपूर्ण कृती व तिचा संदर्भ पाहिला पाहिजे असे ठरविले. छापील पुस्तकापुरता हा धडा शिकावयास शंभराहून अधिक वर्षे लागली.

आता कोणी म्हणेल, हे सारे काव्याविषयी झाले. मोबाईलवर जे उघडते ते काव्य नव्हे. त्यात ना राधा, ना कृष्ण, ना कवयित्री. हे अगदी खरे आहे, आणि मुद्दुपळनीच्या नावाचा आडोसा करून त्या बाजारी मालाची तरफदारी करावयाची माझी मुळीच इच्छा नाही. माझा मुद्दा मालाविषयी नाही, चाळणीविषयी आहे. १९११ साली चाळणी धरणारा निदान तेलुगू जाणणारा मनुष्य होता. आजची चाळणी यंत्राच्या हाती आहे, आणि यंत्राला उतारासुद्धा वाचता येत नाही.

ती चाळणी कशी चालते, ते थोडे पाहावे. एक रीत शब्दांची. विशिष्ट अक्षरे दिसली की यंत्र अडविते. १९९६ साली अमेरिका ऑनलाईन ह्या कंपनीच्या यंत्राने इंग्लंडातल्या स्कन्थॉर्प ह्या साध्यासुध्या गावच्या लोकांची नोंदणीच नाकारली, कारण गावाच्या नावात एका ग्राम्य शब्दाची अक्षरे सलग येतात. दुसरी रीत यादीची. सरकारने संकेतस्थळांची यादी द्यावी आणि जोडणी पुरविणाऱ्या कंपन्यांनी ती बंद करावी. आज बहुतेक पाने सांकेतिक रूपात जात असल्यामुळे कंपनीला संकेतस्थळाचे नाव तेवढे कळते, आतले पान दिसत नाही. म्हणून एक तर संपूर्ण स्थळ बंद करावयाचे, नाही तर संपूर्ण उघडे ठेवावयाचे.

आपल्या देशात ह्याचा प्रयोग झालेला आहे. असे सर्व साहित्य बंद करावे म्हणून २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला. ३१ जुलै २०१५ रोजी दूरसंचार विभागाने ८५७ संकेतस्थळांची यादी काढून ती बंद करण्यास सांगितले. त्या यादीत केवळ विनोदी मजकुराचीही काही स्थळे सापडली. गिल्ला झाला, आणि चारपाच दिवसांत हुकूम सैल करून बंदी मुख्यतः मुलांच्या लैंगिक शोषणाच्या साहित्यापुरती ठेवावी लागली. पुढे २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाच्या आदेशावरून ८२७ स्थळे बंद करण्याचा हुकूम पुन्हा निघाला. एक नाव बंद झाले की दुसऱ्या नावाने तेच दुकान उघडते, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. इंग्लंडात २५ जुलै २०२५ पासून अशा स्थळांवर वयाची खात्री करून घेणे सक्तीचे झाले, आणि त्याबरोबर आडवाटेने जोडणी करून देणाऱ्या साधनांची मागणी एकाएकी वाढली. कपाटाला कुलूप लावून मी जे केले, तेच सरकारे मोठ्या प्रमाणावर करीत आहेत, आणि किल्ली कोठे मिळते हे मुलांना कळावयास फार दिवस लागत नाहीत.

मग सरकारने हात झटकून 'ज्याचे त्याने पाहावे' असे म्हणावे काय? तेही मला पटत नाही. आपली गोष्ट घ्या. परमुलखात बिऱ्हाड, घरात आजी नाही, आजोबा नाहीत, शेजाऱ्यांची भाषा अर्धीमुर्धी कळते. मी कचेरीतून येतो तो साडेसहाला. मुलगा शाळेत तमिळ मित्रांशी काय बोलतो, त्यांच्या गटात काय फिरते, हे मला वाचताही येत नाही. मला पदवी आहे, पगार आहे, सुटीचा वार आहे; तरी माझी ही अवस्था. मग कावेरीकाठच्या शेतांवर भाताच्या लावणीस जाणाऱ्या ज्या माउलीच्या घरात एकच मोबाईल आहे, तिला 'तुमच्या मुलांवर तुम्ही लक्ष ठेवा' म्हणून सांगणे म्हणजे शुद्ध निष्ठुरपणा होय. ह्या यंत्रांची घडणच अशी आहे की, मुलाने नुसते बोट ठेवावे आणि यंत्राने त्याला पुढे पुढे ओढावे. ते घडविणाऱ्यांच्या खजिन्यापुढे एकट्या आईबापांचे बळ कितीसे?

शिवाय ह्यात एक भाग असा आहे की जेथे पालक-सरकार हा वादच उद्भवत नाही. मुलांच्या शोषणाची चित्रे हा गुन्हा आहे. तेथे चाळणी नव्हे, पोलीस पाहिजेत. ह्या बाबतीतही तमिळनाडूतलेच एक प्रकरण गाजले. अशी चित्रे नुसती पाहणे व बाळगणे हा गुन्हा नव्हे, असा निकाल जानेवारी २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दिला. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी तो फिरविला, आणि अशा साहित्याला 'पोर्नोग्राफी' न म्हणता मुलांचे शोषण म्हणूनच ओळखावे असे सांगितले. हे काम सरकारचेच, आणि त्यात कसूर झाली तर कोणत्याही आईबापाला ती भरून काढता येणार नाही.

उरतो तो मधला प्रदेश: जे प्रौढांस मुभा आहे, पण मुलाच्या वाट्याला त्या वयात येऊ नये. येथे काय करावे, ह्याचा विचार करताना मला तंजावरच्याच आणखी एका मुलाची आठवण होते. तो मुलगा म्हणजे सरफोजी.

तुळजाजी राजे १७८७ साली मरणशय्येवर होते. दत्तक घेतलेला सरफोजी तेव्हा दहा वर्षांचा. राजांनी श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याला बोलावून मुलाचा सांभाळ करण्याची विनंती केली. कारभार मात्र राजांचे भाऊ अमरसिंह ह्यांच्या हाती गेला. त्यांनी मुलाला वाड्यात जवळजवळ कोंडूनच ठेवले. त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली. बाहेरचे वारे त्याला लागू नये, एवढा बंदोबस्त मात्र चोख होता. अखेर श्वार्ट्झने कंपनी सरकारकडे तक्रारी केल्या. कंपनीने त्यात हात घातला, आणि १७९३ मध्ये मुलाला मद्रासेस नेऊन त्याच्या शिक्षणाची सोय करण्यात आली. कंपनीचा त्यात स्वार्थ होता, हे निराळे सांगावयास नको. परंतु मुलाच्या दृष्टीने पाहिले तर बाहेरच्या सत्तेने दार उघडले, आणि आत शिरून त्याचा हात धरला तो एका माणसाने. मिशनऱ्याच्या छायेत वाढूनही सरफोजी शिवभक्तच राहिला, आणि गुरूविषयीची त्याची माया मात्र कधी आटली नाही. श्वार्ट्झच्या अंतकाळचे दृश्य कोरलेली फ्लॅक्समनची संगमरवरी शिल्पपट्टी आजही शिवगंगा बागेतल्या चर्चमध्ये आहे. तीत रुग्णाचा हात हाती घेऊन उभा असलेला आपला तरुण राजा दिसतो.

हाच सरफोजी १७९८ साली गादीवर बसला, आणि मुलांच्या वाचनाविषयी त्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्याने वाड्यात विद्याशाळा चालविली, छापखाना आणला, आणि १८०६ साली इसापच्या गोष्टी 'बालबोधमुक्तावली' ह्या नावाने मराठीत छापविल्या. मुंबईपुण्यास मराठी छपाईचा पत्ता नव्हता तेव्हाची ही गोष्ट. कुरवंजी हा इकडचा नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात विरहिणी नायिका असते, तिचे भविष्य सांगणारी कुरवंजी असते, आणि शृंगार हा त्याचा प्राण. तो प्रकार सरफोजीने बंद केला नाही. 'देवेंद्र कुरवंजी' नावाचे मराठी नाटक रचून त्याने त्या कुरवंजीच्या तोंडी पृथ्वीचा भूगोल घातला. त्याच्या आजोबांच्या दरबारात मुद्दुपळनीने काव्य लिहिले होते, आणि असल्या वाङ्मयाने भरलेला सरस्वती महाल तो वाढवीतच गेला. मुलांसाठी त्याने निराळे पुस्तक छापले, पण मोठ्यांचे कपाट त्यापायी जाळले नाही.

ह्यावरून मला जे सुचते ते असे. गुन्हा पकडणे, आणि कंपन्यांना वेसण घालणे, ही कामे सरकारची. २०१८ च्या त्या अर्जात मागितलेली खिडकी सरकारने सक्तीने पालकांच्या हाती द्यावी. ती फुकट असावी, चालू स्थितीतच मिळावी आणि मराठीत, तमिळमध्ये, ज्याच्या त्याच्या भाषेत असावी, म्हणजे भात लावणाऱ्या माउलीलाही ती वापरता येईल. पण त्या खिडकीचे दार किती उघडावे आणि कोणत्या वयाला, हे दिल्लीहून ठरू नये. कारण माझा मुलगा कोणत्या गोष्टीने भितो, कोणत्या प्रश्नाने लाजतो, आणि काय त्याला आता समजेल, हे कोणत्याही यादीत लिहिलेले नाही. १९११ च्या सरकारने समाजाच्या वतीने एका पुस्तकाविषयी ठरविले, आणि त्याचा फटका बसला तो एका कवयित्रीला आणि तिच्या संपादिकेला. तरुण मुलामुलींशी ह्या विषयावर कोणी बोलावे, हा प्रश्न मात्र जेथल्या तेथे राहिला. बंदीमुळे वडीलधाऱ्यांची बोलण्यातून सुटका होते, आणि मला वाटते, बंदी आपल्याला आवडते त्याचे एक कारण हेच असावे. त्या कार्तिकातल्या रात्री मला सरकारकडून हवे होते ते हेच.

जानेवारीत त्यागराजांच्या आराधनेला आम्ही तिरुवैयारूस गेलो होतो. तंजावरापासून ते जेमतेम तेरा किलोमीटर. कावेरीच्या काठी त्यागराजांची समाधी आहे. आज ती ज्या रूपात दिसते ते नागरत्नम्माने आपले द्रव्य खर्च करून दिलेले. आणि तेथे स्त्रियांना गाता यावे म्हणून झगडली तीही तीच. समाधीकडे तोंड करून बसलेली तिची मूर्ती तेथे आहे. मुलाने विचारले, "बाबा, ह्या कोण?" मी सांगितले. "त्यांनी एक जुने पुस्तक छापले होते, ते सरकारने जप्त केले होते." "का? काय होते त्यात?"

सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले. ह्या खेपेस मी कपाट शोधले नाही. काठावरच्या पायरीवर बसलो, त्याला शेजारी बसविले आणि म्हणालो, "त्या दिवशी मोबाईलवर तू जे पाहिलेस ना, त्याविषयी आणि ह्या पुस्तकाविषयी मला तुला काही सांगायचे आहे. ती दोन्ही एक नव्हेत." पहिली चार वाक्ये फार अवघड गेली. पुढे तोच प्रश्न विचारू लागला, आणि काही प्रश्नांना मी प्रामाणिकपणे "हे मोठा झालास म्हणजे सांगेन" असे उत्तर दिले. ते त्याला चालले. मंडपात पंचरत्नकृतींना आरंभ झाला तेव्हा आम्ही उठलो.